कॅन्सरमध्ये झिजणारे स्नायू आणि ताटातली प्रथिनं: कोकणातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

कॅन्सरचं निदान झालं की आपल्याकडे घरात दोन गोष्टी लगेच होतात. ताटात पेज येते आणि माणूस खाटेवर जातो. दोन्ही मायेपोटी होतं, पण दोन्हींमुळे स्नायू लवकर झिजतात. स्नायू झिजले की केमोचा डोस कमी करावा लागतो, ऑपरेशननंतर माणूस उशिरा उठतो, जंतुसंसर्ग वाढतो. म्हणून ही उत्तरं रुग्णाइतकीच स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठीही आहेत.

वडील पूर्वीसारखेच जेवतात, तरी वजन उतरतंय. हे कसं?

आधी ते खरंच पूर्वीइतकं जेवतात का, ते तीन दिवस वहीत लिहून बघा. भाकरी दीडवरून एकवर आलेली असते, माशाची तुकडी ताटात उरते, आणि घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

जेवण खरोखर तेवढंच असेल, तर कारण शरीराच्या आत आहे. उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाचं शरीर आधी चरबी वापरतं आणि काही दिवसांत स्नायू राखायला लागतं. कॅन्सरमध्ये हा क्रम मोडतो. सरपण शिल्लक असताना घराचे वासे चुलीत जावेत, तसे चरबीबरोबर स्नायूही खर्च होऊ लागतात.

हे घडवून आणतो तो दाह, म्हणजे शरीरात आतल्या आत चालू राहणारं इन्फ्लमेशन. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती मिळून रक्तात इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी द्रव्यं सोडतात. त्यांच्यामुळे स्नायूंच्या पेशीत प्रथिनं मोडण्याचं काम वाढतं आणि नवी बांधण्याचं मंदावतं. पेशीत जुन्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण लागते आणि खूण लागलेल्या प्रथिनाचे तुकडे प्रोटिआसोम हे पेशीतलं यंत्र करतं. निरोगी माणसातही हे रोज चालतं. खूण लावणारी मर्फ-१ आणि अट्रोजिन-१ ही दोन एन्झाइम्स २००१ मध्ये ओळखली गेली. स्नायू झिजत असताना ती बऱ्याचदा वाढलेली सापडतात.

मोडलेल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं जातात यकृताकडे. दाह असताना यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन अशी प्रथिनं भराभर बनवतं आणि त्याचा कच्चा माल स्नायूंतून येतो. शिवाय बऱ्याच गाठी ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टेट बाहेर टाकतात. त्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करायला यकृताला ऊर्जा लागते, म्हणजे पडून राहिलेल्या माणसाचाही खर्च चालूच राहतो.

भूकही याच प्रकारात मरते. जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागावर काम करतं, आणि अन्न समोर आलं की नकोसं वाटतं. माणूस हट्टीपणा करत नसतो, हे घरातल्यांनी मनात पक्कं धरावं.

मग साध्या अशक्तपणात आणि कॅकेक्सियात फरक कसा ओळखायचा?

कॅकेक्सिया म्हणजे आजारामुळे स्नायू झिजत जाणं, आणि फक्त खाणं वाढवून ते पूर्ण भरून न येणं. २०११ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेला निकष असा: सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं. माणूस मुळातच बारीक असेल (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २० पेक्षा कमी) किंवा स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्क्यांहून जास्त घट पुरते.

हिशेब सोपा आहे. आधीच्या वजनातून आताचं वजा करा, आलेल्या आकड्याला आधीच्या वजनाने भागा, १०० ने गुणा. ५८ वरून ५४ किलो झालं तर ४ भागिले ५८, म्हणजे जवळपास ७ टक्के. हे कॅकेक्सियात बसतं. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ५१ किलोच्या खाली असेल तर बीएमआय २० च्या खाली येतो. आपल्याकडे शेतात आणि होडीवर राबणारी कितीतरी माणसं मुळातच या वजनाची असतात. त्यांचा दीड किलो उतरला तरी तो मोठा मानायचा. ‘मी पहिल्यापासून असाच’ हे वाक्य इथे फसवतं.

स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुफ्फुस आणि तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये हा त्रास जास्त. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तुलनेने कमी.

घरी काय मोजायचं?

वजन, आठवड्यातून एकदा. वार ठरवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर तो चुकीचं दाखवतो. रोज मोजू नका. एका दिवसाचा फरक पाण्याचा असतो आणि त्याने घरभर काळजी पसरते.

पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजन खोटं बोलतं. काट्यावर ५५ कायम, आणि आतला स्नायू दोन-तीन किलोने कमी, असं अनेकदा होतं. सूज नसेल तर शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या निकषात पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा स्नायू घटल्याचा इशारा मानला आहे.

ताकदही मोजता येते. हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि कुणीतरी शेजारी उभं राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा जमलंच नाही, तर पायांचे स्नायू उतरले आहेत. भरभक्कम दिसणाऱ्या माणसातही हे सापडतं, कारण चरबीखाली झिजलेला स्नायू नजरेला दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र तिसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर तो स्पष्ट दिसतो. स्कॅन बहुतेकांचा झालेलाच असतो. डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

दिवसाला प्रथिनं किती लागतात?

कॅन्सरच्या रुग्णाला किलोमागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी द्याव्यात, अशी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे आणि आपल्याकडचे आहारतज्ज्ञही साधारण तेच सांगतात. ५० किलोच्या माणसाला म्हणजे रोज ५० ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास ७५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं (इथे आपण ६० ते ७५ धरू) आणि १२५० ते १५०० कॅलरी.

कॅलरी कमी पडल्या तर खाल्लेली प्रथिनं स्नायूत न जाता इंधन म्हणून जळतात. म्हणून माशाबरोबर भात हवा, आणि भातावर तूप किंवा खोबरेल.

वाटणीलाही महत्त्व आहे. दाह असलेल्या आणि वय झालेल्या शरीरात थोड्या प्रथिनांनी स्नायूबांधणी सुरूच होत नाही. दिवसभर दोन-दोन ग्रॅम चरत राहण्यापेक्षा दिवसातून तीनदा २० ते २५ ग्रॅम एका बैठकीत गेली तर जास्त उपयोग होतो. मधल्या वेळचं खाणं त्यावर वेगळं.

हे ६०-७० ग्रॅम आपल्या जेवणात कुठे मिळतात?

खालचे आकडे ढोबळ आहेत, पण हिशेबाला पुरतात.

एक मोठं अंडं ६ ग्रॅम. गावठी अंडं लहान असतं, त्यात साधारण ५. गाईच्या दुधाचा २५० मिलीचा पेला ८. दही १०० ग्रॅमला ३ ते ३.५. पनीर ५० ग्रॅमला ९. बांगडा, सुरमई, तारली यांच्या काटे काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात १८ ते २०. ताजा बोंबील मात्र बहुतेक पाणीच असतो, त्यात १०० ग्रॅमला जेमतेम १०. तोच बोंबील सुकवला की पाणी जातं आणि १०० ग्रॅमला ६० च्या आसपास प्रथिनं उरतात. सुक्या जवळ्याचंही तेच, त्यामुळे मूठभर जवळा खरोखर कामाचा आहे. डाळी आणि कुळीथ कच्चे १०० ग्रॅमला २२. शेंगदाणे २५. काजू १८ ते २०. सोयाबीनच्या वड्या ५२. नाचणी ७, तांदूळ ७ ते ८. ओलं खोबरं ४-५ ग्रॅमच, पण कॅलरी भरपूर.

५० किलोच्या माणसाचा एक दिवस असा बसवता येतो. सकाळी एक पेला दुधात नाचणीचं सत्त्व आणि दोन मोठे चमचे दूध पावडर. न्याहारीला दोन अंडी आणि एक आंबोळी. दुपारी मऊ भात, घट्ट वरण आणि बांगड्याच्या दोन तुकड्या. चार वाजता केळं आणि दाण्याचं कूट घातलेलं दही. रात्री मुगाची खिचडी, वर तूप, सोबत पनीर किंवा आणखी एक अंडं. एवढं गेलं तर ७० ग्रॅमचा आकडा गाठला जातो. निम्मं गेलं तर उद्या कुठे वाढवायचं ते वहीवरून कळतं.

पेज हलकी असते, आजाऱ्याला तीच बरी ना?

उकड्या तांदळाची पेज पोटाला सोसते, पाणी आणि मीठ देते, मळमळीत घोट घोट घेता येते. हे सगळं खरं. पण एका वाडग्यात मूठभर तांदूळ असतात, म्हणजे प्रथिनं दोन ग्रॅम आणि कॅलरी शंभरभर. दिवसाला चार वाडगे पेज म्हणजे ८ ग्रॅम. हवेत ६०. पंधरा दिवस असं चाललं की माणूस पेजेवर तगलेला दिसतो, पण तो स्वतःच्याच मांड्यांवर जगत असतो.

पेज सोडायला नको, भरायला हवी. शिजवतानाच तांदळाइतकी मुगाची डाळ घाला. उतरवल्यावर दोन मोठे चमचे दूध पावडर थोड्या कोमट पाण्यात कालवून मिसळा. थेट गरम पेजेत टाकली तर गुठळ्या होतात. किंवा फेटलेलं अंडं उकळत्या पेजेत बारीक धारेने सोडून पुरतं शिजू द्या. वर एक चमचा तूप. त्याच वाडग्यात आता १० ते १२ ग्रॅम प्रथिनं जातात. जवळा कोरडा भाजून पूड करून ठेवली तर पेजेवर चमचाभर भुरभुरता येते. ज्यांना वास सहन होत नाही त्यांना ती देऊ नका.

माशाचं सार, पायाचं सूप, डाळीचं वरचं पाणी यांनी ताकद येते का?

चव येते, घशाला बरं वाटतं, पाणी जातं. ताकद तुकडीत आहे, रश्शात नाही. सारात उतरणारी प्रथिनं फार थोडी. डाळीचं निवळलेलं पाणी तर जवळजवळ पाणीच. डाळ घोटून तीच द्या.

पायाच्या सुपात जिलेटिन असतं. तेही प्रथिनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं आणि स्नायूबांधणी सुरू करणारं ल्युसिन कमी असतं. त्या सुपासाठी दोन तास चुलीपाशी बसण्यापेक्षा दोन अंडी उकडलेली बरी.

कुळथाच्या पिठीबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याला ती फार पौष्टिक वाटते, पण एका वाटीत दोन चमचे पीठ म्हणजे २० ग्रॅम, प्रथिनं चार-साडेचार. ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. घट्ट करून, दुप्पट पीठ घालून, सोबत अंडं किंवा मासा दिला तर छान.

मासे ‘बाधतात’, जखम चिघळते, म्हणून घरात बंद केले आहेत. बरोबर आहे का?

नाही. टाके भरून यायला प्रथिनंच लागतात. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला आपल्याकडे मुडदुशी देतात ती योग्यच आहे. मऊ, पचायला हलकी, काटे काढायला सोपी. ज्याला आधीपासून माशांची ॲलर्जी आहे त्यालाच ते वर्ज्य.

काळजी वेगळ्या गोष्टीची घ्यावी. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा कालवं, तिसऱ्या, खेकडे अर्धे कच्चे राहिले तर गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. शिंपलं उघडलं की झालं असं न मानता त्यानंतरही काही मिनिटं उकळा. अंडं पूर्ण शिजलेलं, दूध उकळलेलं. सुकी मासळी डोकं-शेपूट काढून गरम पाण्यात दोनदा धुवा. त्याने वाळू आणि मीठ जातं. मग नीट शिजवा.

पावसाळ्यात ताजे मासे नसतात, पुढे श्रावण. आणि आम्ही शाकाहारी असू तर?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. केमो या महिन्यांत चालू असेल तर मे महिन्यातच बेत करा: कडक वाळवलेले बोंबील आणि जवळा हवाबंद डब्यात, अंडी दर आठवड्याला, दूध पावडर घरात. ओल लागलेली, बुरशी धरलेली सुकी मासळी ऊन दाखवून वापरू नका, टाकून द्या. शेंगदाण्यांचंही तेच; बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही.

शाकाहारी घरात दूध, दही, पनीर, डाळी, सोया आणि दाणे यांवरच मदार. सोयाच्या वड्या उकळून, पिळून, मिक्सरला बारीक करून भाजीत किंवा घावनाच्या पिठात मिसळल्या तर चव दबते आणि ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं जातात. डाळ आणि भात एकत्र खाल्ले की एकात कमी असलेलं अमिनो आम्ल दुसऱ्यातून मिळतं. दोन्ही एकाच ताटात नसली तरी एका दिवसात आली तरी चालतं. श्रावण पाळायचा की नाही हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पाळणार असाल तर गेलेल्या अंडी-माशांची जागा दूध-पनीरने भरा आणि एकवेळचे उपास मात्र या वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावेत.

तोंड आलंय, चव गेलीय, दोन घासांत पोट भरतं. खायचं कसं?

हा प्रश्न आधी औषधांचा आणि मग स्वयंपाकाचा. दुखणं, मळमळ, बद्धकोष्ठता, तोंडातली पांढरी बुरशी या प्रत्येकावर औषध आहे, आणि ते मिळेपर्यंत कितीही रुचकर केलं तरी घास उतरत नाही. मॉर्फिन चालू असलेल्या जवळपास प्रत्येकाला बद्धकोष्ठता होते. सोबत रेचक लिहिलेलं नसेल तर मागून घ्या. पोट तुंबलेल्या माणसाला भूक लागत नाही.

तोंड आलं असेल तर तिखट, कोकम, चिंच, कडक भाकरी बंद. सोलकढीसुद्धा झोंबते. दह्यात कुस्करलेला मऊ भात, अंड्याचं कस्टर्ड, गार केलेलं नाचणीचं सत्त्व, वाटलेली खिचडी. जखमा नसतील आणि नुसती चव गेली असेल तर उलट आंबट मदतीला येतं: कोकम, लिंबू, थोडं आलं. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी वापरा. मांस-मासे नकोसे वाटतात त्या दिवसांत गार पदार्थ द्या, वास कमी येतो. फोडणीच्या वेळी रुग्णाला पडवीत बसवा.

पोट लगेच भरत असेल तर जेवताना पाणी आणि सार देऊ नका, ते अर्ध्या तासाने. ताटात आधी मासा किंवा अंडं, भात नंतर. सगळ्यात चांगली भूक बहुतेकांना सकाळी असते, म्हणून मोठं जेवण सकाळी लावा.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये शौच तेलकट, फिकट आणि पाण्यावर तरंगणारी होत असेल तर खाल्लेलं पचत नाहीये. त्याला पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या, जेवणानंतर तासाभराने नाही. या एका चुकीमुळे महागडं औषध वाया जातं.

नाकातून नळी घातली आहे. घरी फीड कसा करायचा?

मिश्री, तंबाखू, गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या काळात बऱ्याच जणांना नळी लागते. नळी म्हणजे शेवट नव्हे. वेळेवर घातली तर वजन टिकतं आणि रेडिएशन मधे थांबवावं लागत नाही.

साधारण सव्वा लिटरचा एक फीड: अर्धा लिटर दूध, ४० ग्रॅम मुगाची डाळ आणि ४० ग्रॅम तांदूळ एकत्र मऊ शिजवून, दोन उकडलेली अंडी, ३० ग्रॅम दूध पावडर, दोन मोठे चमचे तेल, ३० ग्रॅम साखर किंवा गूळ, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मिक्सरमध्ये अगदी बारीक करून बारीक गाळणीतून दोनदा गाळा. यातून ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १२०० च्या आसपास कॅलरी मिळतात. मधुमेह असेल तर साखर-गुळाबद्दल आधी विचारा.

एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. पाठ ३० ते ४५ अंश उंच. फीडनंतरही किमान अर्धा तास तसंच. प्रत्येक वेळी नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना ते बघा. खूण सरकली असेल तर काहीही घालू नका. सिरिंज उंच धरा आणि फीड आपल्या वजनाने १५-२० मिनिटांत उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबा. शेवटी ३० ते ५० मिली कोमट पाणी सोडा. हे राहून गेलं की नळी तुंबते. गोळ्या पावडर करून पाण्यातून वेगळ्या द्या. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून प्रत्येक गोळीबद्दल विचारून घ्या.

कोकणातल्या उकाड्यात बाहेर ठेवलेला फीड दोन तासांपलीकडे वापरू नका. लाईट वारंवार जात असेल तर सव्वा लिटर एकदम न करता दोनदा निम्मा निम्मा करा.

सलाईन लावून ताकद भरता येत नाही का?

५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे शंभरच्या आतच कॅलरी. प्रथिनं शून्य. पाणी कमी झालेल्या माणसाला तिने तरतरी येते हे खरं, पण स्नायूला काहीच मिळत नाही. जो तोंडाने गिळू शकतो त्याला बाटलीऐवजी दोन अंडी द्यावीत.

अल्ब्युमिनची (रक्तातल्या एका प्रथिनाची) महागडी बाटली हा आणखी एक खर्च, अनेक घरं उसने पैसे काढून तो करतात. कॅन्सरमध्ये अल्ब्युमिन कमी येतं ते मुख्यतः दाहामुळे. तो आकडा माणूस किती प्रथिनं खातो ते सांगत नाही, आणि बाहेरून दिलेल्या बाटलीने स्नायू बांधला जात नाही. पोटातलं बरंच पाणी काढताना वगैरे तिचा उपयोग असतो, तो डॉक्टर सांगतील. ‘रिपोर्ट सुधारण्यासाठी’ मागू नका.

साखर आणि प्रथिनं खाल्ली की गाठ वाढते म्हणतात. उपाशी ठेवली तर मरेल का?

गाठ उपाशी मरत नाही. तुम्ही दिलं नाही तर ती तुमच्या स्नायूंतून आणि यकृतातून घेते, म्हणजे उपाशी राहतो तो माणूस. नीट खाऊ घातल्याने रुग्णांमध्ये गाठ जास्त वाढल्याचा पुरावा नाही. दूध, गूळ, भात बंद करून लिंबूपाणी आणि काढ्यांवर ठेवलेल्या रुग्णांचं वजन भराभर कोसळतं. हे आम्ही कळकळीने सांगतो: असा आहार कुणीही सुचवला तरी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

विश्रांती हवी की हालचाल?

हालचाल. निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू जातो, हे अभ्यासात मोजलं आहे. कॅन्सरमध्ये तर झीज आधीच चालू असते. प्रथिनं हा माल आहे आणि हालचाल ही मागणी. मागणी नसेल तर माल स्नायूत जात नाही.

खुर्चीवरून उठ-बस ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपर वाकवणं. अंगणात किंवा पडवीत दहा मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा. खाटेवरच असलेल्याने गुडघ्याखाली उशी ठेवून ती दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. व्यायामानंतर तासाभरात प्रथिनांचं खाणं ठेवलं तर उत्तम.

हाडात कॅन्सर पसरला असेल तर वजन उचलणं आणि वाकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप, छातीत दुखणं, चक्कर, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार कमी असताना थांबा.

भूक वाढवायची औषधं देतात का?

देतात, पण प्रत्येकाची बाजू समजून घ्या. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने काही दिवस भूक उघडते. आठवडे चाललं तर तेच मांड्यांचे स्नायू झिजवतं आणि साखर वाढवतं. मेजेस्ट्रॉलने भूक आणि वजन वाढतं, पण वाढ मुख्यतः चरबी आणि पाण्याची असते, आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो.

पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेत १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम रोज एकदा, १२ आठवडे दिलं गेलं. केमो सुरू करताना ते घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. न घेणाऱ्यांत ९ टक्के. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी स्वस्त आहे. ती मूळची मानसिक आजाराची असल्याने दुकानदार किंवा नातेवाईक दचकतात, तेवढ्यासाठी बंद करू नका. झोप येते म्हणून रात्री देतात. मधुमेह असेल तर आधी सांगा. जीडीएफ-१५ अडवणाऱ्या पॉनसेग्रोमॅब या इंजेक्शनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०२४ मध्ये वजन वाढल्याचं दिसलं, पण ते अजून रोजच्या उपचारात नाही.

प्रथिनांच्या पावडरचा डबा घ्यायचा का?

जेवणातून भागत नसेल तरच. डब्यावर ‘१०० ग्रॅममध्ये प्रथिनं’ वाचा. माल्टच्या गोड पेयात ७ ते १० ग्रॅम आणि उरलेली बहुतेक साखर असते. व्हे पावडरच्या (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) ३० ग्रॅममध्ये २० ते २४ ग्रॅम प्रथिनं. साधी दूध पावडर या दोघांच्या मधे बसते आणि वाडीतल्या दुकानातही मिळते.

किडनीचा आजार आहे. मग?

इथले आकडे तुमच्यासाठी नाहीत. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. मधुमेहात प्रथिनं कमी करायची नसतात, औषध जुळवून घ्यायचं असतं.

आठ-दहा दिवस काहीच गेलं नव्हतं, आता खायला लागले. एकदम भरवू का?

नको. पाच दिवसांहून जास्त नगण्य खाणं झालेल्या माणसाला अचानक पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अर्ध्या प्रमाणाने सुरू करून काही दिवसांत वाढवा, त्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. नळी नुकतीच घातली असेल तेव्हा हा धोका सर्वांत जास्त.

उपचार थांबलेत, आता खातच नाहीत. जबरदस्ती करावी का?

शेवटच्या आठवड्यांत शरीर अन्न वापरू शकत नाही. तेव्हा भरवल्याने स्नायू येत नाही. उलटी, ठसका, पोटफुगी येते. मागितलं तर आवडीचा घास द्या, ओठ आणि तोंड ओलं ठेवा, हिशेबाची वही बंद करा. न खाल्ल्यामुळे ते जात आहेत असं नसतं; आजारामुळे खाणं थांबलेलं असतं.

मुंबईला किंवा गोव्याला तपासणीसाठी जाताना काय करावं?

रात्रभराची गाडी, सकाळपासून रांग, उपाशीपोटी रक्त, दुपारी केमो: या एका फेरीत दीड दिवस प्रथिनांविना जातो, आणि दर तीन आठवड्यांनी हे होतं. उकडलेली अंडी सालासकट न्या आणि चार-पाच तासांत संपवा. दाण्याचे किंवा डाळीचे लाडू, भाजलेल्या चण्यांचं पीठ, दूध पावडरच्या पुड्या आणि थर्मासमध्ये गरम पाणी टिकतं. कोणती तपासणी उपाशीपोटी आहे ते आदल्या दिवशी फोनवर विचारा. पुष्कळ रक्ततपासण्यांना उपास लागत नाही. वजनाची वही पिशवीत वरच ठेवा आणि डॉक्टरांसमोर उघडून पहिलंच वाक्य हे बोला: ‘तीन महिन्यांत इतके किलो उतरलेत, म्हणजे इतके टक्के. आहारतज्ज्ञांकडे पाठवता का?’